निद्रा, व्यायाम, आहार : प्रश्न क्रमाचा



तुळजापूरची श्रीभवानी वर्षातून तीन वेळा निद्रा घेते, ही गोष्ट धाराशिव जिल्ह्यातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांस ती कदाचित नवी वाटेल. बहुतेक देवस्थानांतील मुख्य मूर्ती आपल्या जागी कायमची स्थिर असते. तुळजापूरची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजविता येते, आणि परंपरेने तशी ती निजविली जाते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, घटस्थापनेपूर्वी जी निद्रा होते तिला घोरनिद्रा म्हणतात. नवरात्र संपून दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले, की अहिल्यानगरकडून आलेल्या पलंगावर देवी कोजागरीपर्यंत विसावते, ती श्रमनिद्रा. आणि पौषात, शाकंभरी नवरात्रापूर्वी होते ती मोहनिद्रा. तिन्ही मिळून सुमारे २१ दिवस भरतात.

ह्या प्रथेचा धार्मिक अर्थ उलगडणे हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे, आणि तो माझा अधिकारही नव्हे. मला तिच्यातील क्रम तेवढा लक्षात घ्यावासा वाटतो. नऊ दिवसांचे युद्ध मांडावयाचे आहे, तेव्हा त्यापूर्वी निद्रा. युद्ध आटोपले, तेव्हा त्यानंतर पुन्हा निद्रा. कामातून उरलेल्या वेळात कशीबशी उरकून घ्यावयाची गोष्ट म्हणून येथे निद्रेकडे पाहिलेले नाही. पंचांगात तिची जागा अगोदरच राखून ठेविली आहे. आता ह्याच देवीच्या भक्तांच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, घरातील दिनक्रम पाहा. नोकरी ठरलेली, मुलांच्या शिकवण्या ठरलेल्या, दूरचित्रवाणीवरील मालिका ठरलेली. आणि ह्या सर्वांना वाटून झाल्यावर जे काही शिल्लक राहील ते झोपेचे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात वर्षातून एकदा-दोनदा आरोग्याची चाड उत्पन्न होते. बहुधा ती रक्ततपासणीचा कागद हाती पडल्यावर होते. मग काय घडते? पहिल्या दिवशी बूट विकत घेतले जातात. दुसऱ्या दिवशी घरातील गव्हाची कणीक बदलून दहा धान्यांचे पीठ येते. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचाचा गजर लाविला जातो. मात्र आदल्या रात्री निजावयास बाराच वाजलेले असतात. पंधरवडा लोटला, की बूट खाटेखाली जातात आणि पीठास कीड लागते. ह्यास लोक इच्छाशक्तीची उणीव म्हणतात. माझे मत निराळे आहे. उणीव क्रमाची आहे. व्यायाम प्रथम, आहार नंतर आणि निद्रा जमल्यास, असा जो क्रम आपण धरितो, तो उलटा आहे. प्रथम निद्रा लागी लागली पाहिजे. मग अंग हलविण्याची उमेद येते. आणि त्यानंतर ताटातील फेरफार अंगी लागतो.

ह्यात काही थोडेथोडके पणास लागलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांस मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांस उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज निघाला. मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली. मधुमेहाचे प्रमाण खेड्यांपेक्षा शहरांत अधिक आहे. म्हणजे ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, वर्तमानपत्र येते आणि वैद्याचा सल्ला सहज मिळतो, अशा घरांचाच हा प्रश्न आहे.

चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. निद्रेला आहाराच्या शेजारी, बरोबरीच्या मानाने बसविले आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. आधुनिक शास्त्राला ह्या बरोबरीची प्रचीती यावयास फार काळ लागला. १९९९ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री प्रत्येकी चारच तास अंथरुणावर राहू दिले. हे तरुण धडधाकट होते, त्यांच्या घरी कोणास मधुमेह आहे म्हणून त्यांना निवडले नव्हते. परंतु सहा दिवसांअखेर त्यांच्या रक्तातील साखर निचरण्याचा वेग स्पष्टपणे मंदावला. त्यांची शरीरे जणू वयाने पुढे गेली. पुढे त्यांना भरपूर झोप घेऊ दिली, तेव्हा तो वेग सुधारला. त्याच संशोधकांनी २००४ साली आणखी एक गोष्ट दाखविली. दोन रात्रींच्या अपुऱ्या झोपेनंतर भूक जागविणारे द्रव्य शरीरात वाढते आणि तृप्तीची जाणीव देणारे द्रव्य घटते. त्या तरुणांची भूक सुमारे २४ टक्क्यांनी वाढली. आणि ती भूक भाजी-भाकरीची नव्हती, तर गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची होती.

रात्री साडेअकराला फरसाणाचा डबा उघडणारा गृहस्थ आपल्या जिभेला दोष देतो. वस्तुतः दोष बहुतेक वेळा आदल्या रात्रीचा असतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत दिवसरात्रीचे भान ठेवणारी एक यंत्रणा चालते. ही यंत्रणा कशी चालते, हे फळांवरील माशीच्या अभ्यासातून उलगडून दाखविणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग ह्यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या अंतर्गत घड्याळाला किल्ली देणारी मुख्य वस्तू म्हणजे प्रकाश. सकाळचे ऊन डोळ्यांवर आले, की दिवस सुरू झाल्याची वर्दी मिळते. रात्री अंधार पडला, की निजेची तयारी होते. ज्या घरात सकाळी नऊपर्यंत पडदे ओढलेले असतात आणि रात्री बारापर्यंत भ्रमणध्वनीचा पडदा डोळ्यांपुढे उजळलेला असतो, त्या घरातील घड्याळ रोजच चुकते. आठवड्याचे पाच दिवस सहाला उठून रविवारी दहापर्यंत लोळणे, हाही त्याच चुकीचा एक प्रकार आहे. त्याने थकवा भरून निघाल्यासारखा वाटतो. परंतु सोमवारी सकाळी शरीराची स्थिती दूर देशाहून नुकत्याच उतरलेल्या प्रवाशासारखी होते.

म्हणून निद्रेच्या बाबतीत मी प्रथम झोपण्याची नव्हे, तर उठण्याची वेळ ठरविण्यास सांगेन. उठण्याची वेळ आपल्या हातात आहे. झोप येणे आपल्या हातात नाही. सुटीच्या दिवशीही अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक फरक न करता रोज ठरल्या वेळी उठावे, आणि उठल्यावर लवकरच अंगणात, गच्चीत किंवा रस्त्यावर उजेडात जावे. दोन-तीन आठवड्यांत रात्रीची पेंग आपोआप ठरल्या वेळी येऊ लागते. प्रौढ माणसास सात तास किंवा त्याहून अधिक, सहा ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ ते बारा तास आणि त्यापुढील शाळकरी वयास आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राशास्त्रज्ञांचे मत आहे. चार तासांच्या निद्रेवर राज्य चालविणाऱ्या थोर पुरुषांच्या गोष्टी आपण मुलांस कौतुकाने सांगतो. त्या सांगू नयेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चहाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे; मराठवाड्यात चहाविषयी न बोलता आरोग्याविषयी बोलणे म्हणजे मूळ वादीस सोडून साक्षीदारास बोलाविण्यासारखे होईल. चहातील उत्तेजक द्रव्य निम्मे नाहीसे होण्यास साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या कपाचा अर्धा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो. ज्यास निद्रानाशाची तक्रार आहे त्याने औषधाच्या दुकानी जाण्यापूर्वी दुपारी तीननंतरचा चहा महिनाभर बंद करून पाहावा. पाहुणा आला असता चहा नाकारणे कठीण, हे मी जाणतो. परंतु ताक नावाचा एक पदार्थ आपल्याकडे अजून उपलब्ध आहे.

दुपारच्या झोपेचे काय, असा प्रश्न येईलच. बालाघाटाच्या पठारावर चैत्र-वैशाखात दुपारी बाहेर पडणेच नको वाटते. आणि आयुर्वेदानेही दिवसाच्या निद्रेस एरवी मनाई करून ग्रीष्मात मोकळीक दिली आहे. वीस मिनिटे, फार तर अर्धा तास, आणि तीही तीनच्या आत, अशी दुपारची डुलकी चांगलीच. दोन तासांची मात्र रात्रीच्या ठेवीतून उचल असते. आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. जो मनुष्य रात्री मोठ्याने घोरतो, घोरता घोरता ज्याचा श्वास काही क्षण थांबतो आणि जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्यास पुरेशी झोप मिळते असे समजू नये. ते घोरणे गाढ निद्रेचे लक्षण नसून श्वासमार्ग अडल्याचे लक्षण असू शकते, आणि रक्तदाबाशी त्याचा निकट संबंध आहे. अशा माणसाची थट्टा न करता त्यास डॉक्टरांकडे न्यावे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अनेक गावी शेतीपंपांची वीज पाळीपाळीने रात्री येते आणि पिकाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्यास रात्रभर बांधावर उभे राहावे लागते. तसेच ज्या गावी नळाला चार-चार दिवसांनी आणि तेही अवेळी पाणी येते, तेथे घरातील कोणास तरी जागावे लागते. अशांस 'वेळेवर झोपा' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. त्यांना उपदेशाऐवजी दिवसाची वीज आणि वेळेवरचे पाणी पाहिजे. माझे आजचे बोलणे, जे जागू शकतात म्हणून जागतात, त्यांच्यापुरते आहे.

आता व्यायामाकडे वळू. श्रमनिद्रा कोजागरीला संपते, आणि त्या पौर्णिमेच्या यात्रेसाठी सोलापुराहून तुळजापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची वाट लोकांनी फुलून जाते. हजारो माणसे रात्रभर पायी चालत असतात, कित्येक अनवाणी. हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्यास माणसाच्या शरीरात किती सामर्थ्य दडलेले असते ह्याचा साक्षात्कार होतो. श्रद्धेच्या बळावर जे होते त्यास मिनिटांचे माप लावणे अरसिकपणाचे आहे, तरी क्षणभर तो दोष पत्करून हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने सोलापूर-तुळजापूर अंतरास ९ तास, म्हणजे ५४० मिनिटे लागतात. साडेतीन आठवड्यांचा किमान व्यायाम एका रात्रीत झाला! परंतु उरलेल्या साडेअठ्ठेचाळीस आठवड्यांचे काय? शरीर व्यायामाचा साठा करून ठेवीत नाही. चालल्यानंतर स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, हा गुण एक-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. दीडशे मिनिटांस सातांनी भागिले, तर रोजची बावीस मिनिटेसुद्धा पुरी होत नाहीत. धाराशिव शहरात बाजारातून घरी पायी येण्यास कित्येकांना तेवढाच वेळ लागेल. परंतु तेवढ्यासाठी दुचाकी काढली जाते.

जो वर्षभर खुर्चीवर बसला आणि एकदम त्या रात्री निघाला, त्याच्या पायांस फोड येतात, गुडघे सुजतात, आणि पुढचे चार दिवस तो जिना चढू शकत नाही. ज्यास जाण्याची इच्छा आहे त्याने श्रावणापासून रोज अर्धा तास चालण्यास प्रारंभ करावा आणि भाद्रपदात दर आठवड्यास एक लांबची फेरी करीत अंतर वाढवीत न्यावे. मधुमेह्याने अनवाणी मुळीच चालू नये. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहाने तळव्यांची जाणीव बोथट होते, काटा रुतलेला कळत नाही, आणि त्या लहानशा जखमेतून पुढे पाय गमावण्याची वेळ येते. देवीला पायांतील वहाणांचा राग येत असेल असे मला वाटत नाही.

चालणे हा व्यायामाचा एक भाग झाला. दुसरा भाग बळाचा. त्याच संघटनेने आठवड्यातून निदान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि ह्या बाबतीत धाराशिव जिल्ह्यास दुसऱ्या कोणाकडे पाहण्याचे कारण नाही. ह्या जिल्ह्याच्या मातीत खो-खो रुजलेला आहे. येथील सारिका काळे ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. खो-खोला तो मान २२ वर्षांनी मिळाला. पुरस्काराच्या वेळी त्यांनी जे सांगितले ते आपल्यासारख्यांनी ऐकून ठेवण्याजोगे आहे. जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळत असे. कोणते पीठ अधिक पौष्टिक, ह्यावर आपण घरोघर जो खल करितो, तो करण्याचीच चैन कित्येकांना नसते.

खो-खोत आठ खेळाडू एका ओळीत, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून, उकिडवे बसलेले असतात. नववा धावत असतो. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू येताच बसलेल्याने निमिषात उठून धाव घ्यावयाची. उकिडवे बसणे आणि हाताचा टेकू न घेता उठणे, ह्यात मांड्या, कंबर, पोटऱ्या आणि तोल ह्या चारांची परीक्षा होते. आपल्या आजीला ही परीक्षा दिवसातून पन्नास वेळा द्यावी लागत असे. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, पंगत जमिनीवर. आपण ओटा उभा केला, जेवणाचे मेज आणिले, आणि जमिनीशी असलेला संबंध तोडला. ह्या सुधारणांना माझा विरोध नाही. ओट्याने स्त्रियांची कंबर वाचविली आहे. परंतु जमिनीवरून उठण्याची शक्ती गेली, तर तिची किंमत पुढे मोजावी लागते. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांना जमिनीवर बसून, शक्य तितका कमी आधार घेऊन उठावयास सांगण्यात आले. ज्यांना ते फार कठीण गेले त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. उठता न येण्याने मृत्यू येतो असा ह्याचा अर्थ नव्हे. उठता येणे हे शरीराच्या एकंदर स्थितीचे माप आहे, इतकाच.

तेव्हा चाळिशीच्या पुढील माणसाने निदान एक जेवण जमिनीवर मांडी घालून करावे, आणि उठताना हात गुडघ्यावर टेकल्यावाचून उठता येते का ते पाहावे. न आले, तर खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठबस करण्यापासून आरंभ करावा. ज्यांना सूर्यनमस्काराची सवय आहे त्यांनी ती सोडू नये. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा प्रसार केला. त्यास उपकरण लागत नाही, अंगण लागत नाही, वर्गणी लागत नाही. म्हणूनच की काय, शहरात त्याचे महत्त्व कमी झाले. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा रक्तदाब वाढलेल्यांनी तो एकदम आरंभू नये, डॉक्टरांस विचारून आणि संख्या हळूहळू वाढवीत करावा.

आहाराविषयी आजकाल इतके बोलले जाते, की मी पुष्कळ गोष्टी गाळणार आहे. ज्वारीविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण धाराशिवकरांचा तो मानाचा विषय आहे, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून शहरांतही भाकरीला प्रतिष्ठा आली आहे. ही प्रतिष्ठा योग्यच आहे. परंतु तिच्याभोवती जी अतिशयोक्ती जमली आहे ती झाडून टाकावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. सडलेल्या तांदळात प्रथिने ८ ग्रॅमच्या आसपास आणि तंतू ३ ग्रॅमच्याही आत. येथे ज्वारी सहज जिंकते. परंतु कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात तंतू ज्वारीपेक्षा किंचित अधिकच, ११ ग्रॅमच्या वर असतात. म्हणजे भाकरी आली आणि पोळी गेली, एवढ्याने चमत्कार होत नाही. मैदा आणि पांढरा भात कमी झाला, तर लाभ आहे. आणि भाकरी झाली तरी ते पिष्टच. मधुमेह्याने चार भाकऱ्या रिचवून 'मी गहू सोडला' म्हणण्यात अर्थ नाही.

ज्वारीचे खरे बळ तिच्या सोबत्यांत आहे. तिच्या प्रथिनांत एका आवश्यक घटकाची उणीव असते, आणि ती उणीव डाळी भरून काढतात. म्हणून भाकरीशेजारी तुरीचे वरण, हरभऱ्याचे पिठले किंवा हुलग्याचे माडगे असणे हा केवळ चवीचा योग नव्हे. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत ह्यांनी रंग आणि तंतू दोन्ही येतात. जवसाच्या चटणीत जे स्निग्ध द्रव्य आहे त्याची तूट शाकाहारी माणसास सहसा असते, आणि ते द्रव्य हृदयास उपकारक मानिले जाते. रोज दोन चमचे जवस-चटणी पुरे. मात्र तीत मीठ बेताने असावे. दिवसाचे एकंदर मीठ एका चहाच्या चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावे असा संकेत आहे. लोणचे, पापड आणि विकतचा चिवडा त्या चमच्यावर केव्हाच हक्क सांगून बसलेले असतात. एके काळी ह्या भागातील रानांत ज्वारीबरोबर करडई, जवस, हुलगा, मटकी अशी मिश्र पंगत बसे. आता खरिपात दृष्टी पोहोचेल तेथवर सोयाबीन दिसते. रानातील विविधता गेली, की ताटातील विविधता विकत आणावी लागते. हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर कृषितज्ज्ञांनी बोलावे.

भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा उल्लेख करावयाचा राहिला, तर तेथील पेढ्यांवर अन्याय होईल. तो परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि वर्षातून चार सणांना तेथील पेढा खाण्यास कोणाची हरकत असू नये. रोज रात्री एक खाण्यास असावी. परंतु कुंथलगिरीची दुसरीही ओळख आहे. ते जैनांचे सिद्धक्षेत्र आहे, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे हा जैन आचारातील एक जुना नियम आहे. त्यामागील भावना अहिंसेची. तथापि शरीरशास्त्रही आज दुसऱ्या वाटेने त्याच्या जवळ येऊन पोहोचले आहे. साखर हाताळण्याची शरीराची शक्ती सकाळी अधिक आणि रात्री कमी असते. तोच घास सकाळी नऊला घेतला तर रक्तातील साखर जेवढी चढते, त्याहून रात्री दहाला अधिक चढते. शिवाय भरल्या पोटी लगेच आडवे झाल्याने आम्लपित्त उसळते, झोप मोडते, आणि पुन्हा पहिल्यापासून सारा फेरा सुरू होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे नोकरदारास शक्य नाही, हे उघड आहे. निजण्यापूर्वी निदान अडीच-तीन तास, म्हणजे अकराला निजणाऱ्याने आठच्या सुमारास ताटावरून उठावे, आणि मग दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरावे. ही शतपावली रक्तातील साखर उतरविण्यास उपयोगी पडते, असे प्रयोगांती दिसले आहे.

येथेच एक अडचण उभी राहते, आणि ती बहुतेक आरोग्यविषयक भाषणांत वगळली जाते. रात्रीचे जेवण उशिरा का होते? भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी, अशी आपल्या घरांतील पुरुषांची अपेक्षा असते. एक आठला येतो, दुसरा नऊला, तिसऱ्याची शिकवणी साडेनऊला सुटते. प्रत्येकासाठी पीठ पुन्हा मळले जाते, भाकरी पुन्हा थापली जाते. जी थापते ती शेवटी, साडेदहाला जेवते. भांडी, ओटा, दुधाचे विरजण आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी आटोपून बाराला अंग टाकते. आणि सकाळी सर्वांच्या अगोदर, साडेपाचला उठते. घरात आरोग्याची मोहीम निघाली, की तिला आणखी एक काम लागते : नवऱ्यासाठी निराळी भाजी, सासऱ्यांसाठी बिनमिठाची आमटी. ज्या मोहिमेने घरातील एका माणसाची झोप साडेपाच तासांवर येते, तिला आरोग्याची मोहीम म्हणावे काय? मघाशी सांगितलेले शिकागोचे प्रयोग पुरुषांवर झाले होते. गृहिणीचे शरीर काही निराळ्या पोलादाचे घडविलेले नाही.

ह्यावर उपाय सोलापूर-धाराशिवकडील स्वयंपाकघरातच आहे, आणि तो जुना आहे. कडक भाकरी! ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी तव्यावर आणि मग निखाऱ्यापाशी भाजून इतकी वाळविलेली असते, की ती डब्यात कित्येक दिवस टिकते. मोडली की पापडासारखी वाजते. प्रवासासाठी आणि वारीसाठी निघालेली ही युक्ती आज विकतही मिळते. आठवड्यातून तीन-चार रात्री ताटात ही भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी किंवा मुळा, आणि दुपारचीच उसळ किंवा आमटी गरम करून घेतली, तर पोषणात काही कमी पडत नाही. ज्यांचे दात हलतात त्यांनी ती आमटीत कुस्करावी. तशी ती अधिकच चांगली लागते. साडेसातला शेगडी बंद होते. उशिरा येणाऱ्याने आपले ताट आपण वाढून घ्यावे आणि आपले आपण घासून ठेवावे. त्यास पाककौशल्य लागत नाही. प्रथम आठवडा कुरकुर होईल. दुसऱ्या आठवड्यापासून स्वयंपाकघरातील दिवा साडेनऊला मालविता येईल, आणि घरातील सर्वांत शेवटी निजणारे माणूस कोण, हे कोणास सांगता येणार नाही.